हाताची घडी

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, शुक्रवारी दुपारी
पडदे ओढून मी कमरेला पट्टा बांधते,
घोट्यांना एकेक.
लाल दिवा, मग हिरवा.
कपाटावरचा डबा मला ओळखतो
आणि समोरच्या आरशात
माझ्यापेक्षा बारीक एक बाई उभी राहते.

मी वळले की वळते. वाकले की वाकते.
इथवर ठीक.
मग मी कमरेवर हात ठेवते
आणि तिचा पंजा मनगटापर्यंत
तिच्याच पोटात जातो.
रक्त नाही, ओरडणं नाही.
लोण्यात सुरीसुद्धा जरा अडते.

अलीकडे, खऱ्या खोलीत,
माझी बोटं फ्रिजच्या दारावर आपटून सुजली आहेत.

कंपनीच्या कागदावर या कामाला लांबलचक नाव आहे.
मी म्हणते, अंगाला अंग लागणं.
तिच्या कातडीआड मी गोळ्या पेरते,
औषधाच्या असतात तशा, दोन्ही टोकांना गोल:
दंडात एक, मांडीत एक, छातीत मोठी.
सोळा गोळ्यांची बाई.
गोळी गोळीला भिडली की दोघींनी थांबायचं, एवढंच.
पण त्या जावा-जावा, उभा दावा.
ढकलत राहतात एकमेकींना रात्रभर,
कोपर थरथरतं, बरगडी थरथरते,
आणि एसीचं पाणी बादलीत
ठिबकत असतं.

खालच्या गाळ्यात इसहाक मुकादम, हर्णैचे.
चाळीस वर्षं दिशदाशा शिवतात,
गळ्यापाशी गोंडा लोंबणाऱ्या.
लॅपटॉप घेऊन उतरले, तर
चष्मा कपाळावरून खाली ओढून म्हणाले,
"ही काय दुधी भोपळ्यांची बाय केलीस?
मानूस काय पायप हाय?"

मग गळ्यातली टेप काढली
आणि मला न शिवता, हवेतच,
माझ्याभोवती एक फेरी मारली.
"माप अंगाचा घ्यायचा, कापड कापायचा दोन बोटा सैल.
अंगाला लावून शिवलास तर बसताना उसवतो.
आन सासाला जागा ठेव.
पयल्या वर्सी मी ठेवली नाय,
गिऱ्हाईक ईदचा जेवला
नि बटना गेली थेट बिर्याणीत."

दोन बोटं.
वर येऊन ती मी आकड्यात लिहिली, साडेतीन सेंटिमीटर.
आजवर मी तिच्याशी फार कडक होते,
थांब म्हणजे थांब.
आता हात जवळ येतो तसा जड होत जातो,
समुद्रात कमरेएवढं चालताना पाय होतात तसा,
आणि टेकतो.
पोट भरतं, ओसरतं,
त्याच्यावर हातही जरासा वरखाली होतो.
तिचा घेरही वाढवला मी. माझ्याएवढा.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची चाचणी तेवढी राहिली होती.
शाळेत बाई म्हणायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट,
आणि पन्नास पोरं एका दमात घडी घालायची,
मागच्या बाकावरची तर झोपेतही.
मला आठ आठवडे लागले.
दर वेळी एक हात दुसऱ्यातून आरपार जाऊन
पाठीतून बोटं दाखवायचा.

आज, मगरिबची अजान संपता संपता,
डावा खाली, उजवा वर.
आरशातली बाई थोडी थरथरली.
मग थांबली.
हातावर हात राहिला, खरंच राहिला,
खांदे सैल पडले तिचे,
किंवा माझे.
खाली मुकादमांचं शटर पडलं
आणि दोघी तशाच उभ्या,
कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

तोंडावर बोट अजून बाकी आहे.
ओठांत मी काहीच पेरलेलं नाही,
ते सरळ आत जातं,
दातांतून, जिभेतून,
जिथून बोलायला सुरुवात होते तिथवर.